घोडकाठच्या वाटेवरचा राखणदार

शिरूरच्या जुन्या घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, घोड नदीचं पाणी कपाळाला लावायचं आणि काठ धरून चालायला लागायचं. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना, घोड जिथं भीमेला मिळते त्या संगमावर पोचायचं आणि बिरोबाच्या पायरीवर डोकं टेकायचं. पलीकडून दौंडच्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात, पण त्यामुळं देवाची समाधी कधी मोडलेली नाही. दर चैत्रात वाड्यावस्त्यांवरची चाळीस-पन्नास धनगर माणसं ही वाट चालतात. पूर्वी सोबत मेंढरांचे कळप असत. आता मेंढरं गेली, ऊस आणि कांदा आला, पोरं सणसवाडीला कंपनीत लागली; पण वाट काही सुटली नाही.

या वाटेवर बघण्यासारखं पुष्कळ आहे, बघणारा पाहिजे. पहिल्या मुक्कामाआधी एक बारव लागते. खाली उतरत गेलं की गारवा अंगाला येतो आणि देवळीतला गणपती दिसतो. त्याच्या डोक्यावरून एका शेतकऱ्यानं मोटारीची वायर नेली आहे. पुढं कुणा विसरलेल्या सरदाराचा घुमट आहे. सरदाराचं नाव कुणाला ठाऊक नाही, शेळ्यांना मात्र दुपारची सावली तिथं बिनचूक मिळते. मग तीन कमानींची धर्मशाळा, तिच्या भिंतीवर कोळशानं काढलेल्या क्रिकेटच्या यष्ट्या. मग सतीच्या हातांचे दगड, बांगड्या भरलेले, कोपरात वाकलेले. आयाबाया तिथं हळदीकुंकू वाहतात आणि कोण होती, कशी गेली, हे विचारत नाहीत. विचारलं तर पाय उचलणार नाही, म्हणून असेल.

आणि मग कुरणवाडीच्या शिवेवरचा दगड. छातीइतका उंच, तीन खणांचा वीरगळ. खालच्या खणात एक माणूस काठी उगारून उभा आहे, समोर घोड्यावरचे दोघं, आणि त्याच्या पायांमागं मेंढरं दाटीवाटीनं कोरलेली. मधल्या खणात तोच माणूस दोन बायांच्या मधोमध, वर चाललेला. सगळ्यांत वर पिंड आणि चंद्र-सूर्य. लढताना मेलेल्या माणसाचा दगड असाच असतो. हा दगड कोंडिबाआप्पांच्या बांधावर आहे आणि ही गोष्ट आप्पांची आहे.

या दगडाशी एक रिवाज आहे. मेळा आला की थांबतो. वाटाड्या भैरूमामा, वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत, पुढं होतात, तोंडाशी हात धरतात आणि नदीच्या दिशेनं हाक मारतात, "शिवेवर कोन हाय रंऽऽ?" मग सगळे गप्प. पाच श्वास जातात. कुणी ओ देत नाही. मामा "चला" म्हणतात आणि मेळा पुढं सरकतो. नव्यानं आलेली एखादी सून पहिल्या वर्षी हळूच विचारते, "ओ कुनी द्यायची असती?" म्हाताऱ्या तिला गप्प करतात. रिवाज आहे म्हटल्यावर विषय संपला.

पण एके काळी ओ यायची. कुरणवाडीची शीव राखणं हे गावकुसाबाहेर राहणाऱ्या येसकराचं काम, आणि ते येसकराचं घराणं आप्पांचं. हाक आली की येसकरानं म्हणायचं, "म्या हाय जी. वाट मोकळी हाय, मेंढरं येऊ द्या." हे दगडाशी उभं राहून नाही म्हणायचं. खाली नदीच्या पात्रात, चैत्राच्या उन्हात तापलेल्या वाळूत उभं राहून म्हणायचं. मग वरून एक भाकरी आणि मूठभर लोकर खाली फेकली जायची. आप्पांची आई जाईबाई सांगायची, सासरा भाकरी उचलून धोतराला पुसायचा आणि घरी आणायचा. दाताखाली वाळू करकरायची.

"आन् दगूड कोनाचा?" जाईबाई विचारायची. आपणच विचारायची आणि आपणच उत्तर द्यायची. "आपल्याच मानसाचा. गोंदनाक त्याचं नाव. लुटारू आलं तवा गाव वेशीच्या आत आन् ह्यो एकटा भाईर. धनगराची मेंढरं नदीपार हुईस्तवर काठीवर त्यांना आडवलं त्यानं. मेंढरं वाचली, ह्यो मेला."

धनगरांनीच त्याचा दगड बसवला, हेही ती सांगायची. पुढं पिढ्या गेल्या. दगडाला शेंदूर आला, नैवेद्य आला, आणि ज्याचा दगड त्याच्याच नातवंडांनी त्याला शिवायचं नाही असं ठरलं. आपल्याकडं मेलेला माणूस देव होतो. जिवंत माणूस माणूस व्हायलाच फार वेळ लागतो.

आप्पांच्या वडिलांनी ते मोडलं. दीक्षा घेऊन आल्यानंतरचा पहिला चैत्र. कोंडिबा तेव्हा चार वर्षांचा, आईच्या कडेवर. वरून हाक आली. म्हातारा आजा सवयीनं वाळूत उतरला होता, त्यानं तोंड उघडलं आणि वडिलांनी मागून येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. दुसरी हाक आली, तिसरी आली. वडिलांनी हात काढला नाही. आजा डोळ्यांनी रडत होता आणि आवाज फुटत नव्हता, असं जाईबाई सांगायची. शेवटी वरचे लोक कुरकुरत निघून गेले.

त्या सुगीला गावानं धान्य बंद केलं. विहिरीवरचं पाणीही बंद झालं. मग डोक्यावर एक पेटी आणि कडेवर पोर घेऊन ही माणसं काठाकाठानं दौंडला गेली. वडील यार्डात कोळशाच्या पाट्या उचलायला लागले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले. हातावर पोट होतं, पण कुणाच्या हाकेला बांधलेलं नव्हतं. त्या मुकेपणाचा अभिमान त्या घरात भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीइतकाच नीट पुसून ठेवलेला असायचा.

कोंडिबाआप्पा रेल्वेत लागले. आधी गँगमध्ये, मग बावीस वर्षं की-मन. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवं निशाण, आणि रोज सहा-सात किलोमीटर रुळांवरून पायी. रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झाली की ठोकून बसवायची. चावी पक्की आहे की सैल, हे त्यांना हातोड्याच्या आवाजावरून कळायचं; बघायला वाकावंही लागायचं नाही. वरून एक्स्प्रेस धडधडत जायच्या, त्यातल्या हजार माणसांपैकी एकालाही खालचा माणूस दिसायचा नाही. आप्पांना त्याचं वाईट वाटत नसे. "गाडी गेली ना? मंग झालं," म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर ते कुरणवाडीला परत आले. एक एकर जमीन, तीही नदीची, पूर आला की अर्धी वाहून जाणारी. तिथं दोन खोल्या बांधल्या. दुसऱ्या वर्षी बायको भामाबाई गेली. मुलगा महेंद्र सणसवाडीला एका कारखान्यात सुपरवायझर, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. आप्पा एकटे राहिले. कांदे लावायचे, गुरुवारी विहारात वंदनेला जायचे आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण दगडाशी त्यांचं एक काम असे. मेळा जाताना दगडाला तेल आणि शेंदूर चोपडून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा चुलीवर पाणी तापवायचे, काथ्या घ्यायचे आणि दगड घासून स्वच्छ करायचे. हात जोडायचे नाहीत, फूल वाहायचे नाहीत. नुसता घासायचा. शेंदराखाली माणूस पुसला जातो, एवढंच त्यांचं म्हणणं, तेही त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पुढच्या चैत्रात भैरूमामा यायचे, लख्ख काळा दगड बघायचे, पुन्हा शेंदूर लावायचे आणि काही बोलायचे नाहीत. दहा वर्षं असं चाललं. एरवी दोघांचं गूळपीठ होतं. मामांचा मळा पलीकडंच. औषधाचा पंप, खुरपी, मिरचीची रोपं सगळं एकमेकांकडून जायचं यायचं. भाकरी फेकायची रीत तर केव्हाच मोडली होती, तिचं नाव काढायलाही आता मामांना लाज वाटली असती. फक्त दगडाचा विषय निघाला की दोघंही आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज सांगायचे.

यंदा फाल्गुनात मामांची नात हर्षदा आली. पुण्यात इतिहास शिकलेली, तिथल्याच एका संस्थेत लागलेली. घोडकाठच्या या वाटेवर जुन्या जागांच्या पाट्या लावायच्या आणि एक पुस्तिका काढायची, असं त्या संस्थेनं ठरवलं होतं. बारव, घुमट, धर्मशाळा, सतीचे हात, सगळ्यांची मापं घेत, फोटो काढत ती कुरणवाडीला पोचली तेव्हा आप्पा बांधावरचं गवत काढत होते.

तिनं दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग गुडघे टेकून बसली आणि कोरीव काठीच्या टोकावर बोट ठेवलं. तिथं तीन बारीक गोळे होते.

"आप्पा, हे काय आहे?"

"घुंगरं हायती," आप्पा म्हणाले. "येसकराची काठी हाय ती. वाजवत फिरायचा. माझ्या आज्यापाशी हुती तसली."

ती वळून बघायला लागली. आप्पांना वाटलं होतं, पोरगी मान डोलावून पुढं जाईल. ती गेली नाही. तिथंच बसली. मग आप्पांनी गोंदनाकाची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला सांगितली. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली.

आठ दिवसांनी हर्षदा पुन्हा आली, तोंड पडलेलं.

"आमच्या सरांना फोटो दाखवला. ते म्हणतात, घुंगरं असतील किंवा दगड झिजला असेल. त्यावरून सांगता येत नाही."

"आन् तुझं आजोबा?"

ती जरा घुटमळली. "ते म्हणतात, आपल्या मूळपुरुषाचा दगड हाय, बिरोबाचा भक्त होता. त्यांना तसंच सांगितलंय लहानपणापासून. ते खोटं नाही बोलत, आप्पा."

"न्हाई, खोटं न्हाई बोलायचे."

"माझ्या कागदावर एक रकाना आहे. लोकांची रीत काय, ते त्यात लिहायचं. हाक मी लिहिली. पण हाक कुणाला मारतात, हे मला लिहिता येत नाही. ओ कुणी दिलेली मी ऐकलेलीच नाही. घरात कुणाला आठवतही नाही. तुमचं एकट्याचं सांगणं लिहिलं तर ते बारीक अक्षरात कुठंतरी खाली टाकतील, नाहीतर खोडतील." ती थांबली. "चैत्रातल्या मेळ्यानंतर मजकूर छापायला जाणार. त्या दिवशी ओ आली, पन्नास माणसांच्या कानांवर पडली, तर मग कुणाला खोडता येणार नाही."

काय मागत आहोत, हे तिला कळत होतं. पोरगी शहाणी होती, म्हणूनच तिचा आवाज बारीक झाला होता.

ती गेल्यावर आप्पा दगडासमोर उकिडवे बसले. ओ दिली नाही, तर गोंदनाकाच्या दगडावर दुसऱ्याचं नाव लागणार. आणि दगडावर एकदा पाटी लागली की लोकांना पाटीच दिसते. ओ दिली, तर वडिलांनी आज्याच्या तोंडावर ठेवलेला हात आपण आपल्या हातानं काढला असं होणार. इकडं आड, तिकडं विहीर. आणि दोन्हीत पडायचं ते आपल्याच माणसानं.

रविवारी महेंद्र आला. आप्पांनी जेवताना विषय काढला. तो ऐकता ऐकता घास खाली ठेवून बसला.

"आण्णा, तुम्ही ओ देनार? 'म्या हाय जी' म्हननार? पन्नास लोकांसमोर?"

"ठरवलं न्हाई अजून."

"आज्यानं त्या एका गोष्टीपायी गाव सोडलं. यार्डात कोळसा खाऊन मेला तो. मी शाळेत भाषणात सांगितलंय हे. माझ्या पोरीला सांगितलंय."

"मानूस आपला हाय, म्हेंद्र."

"आसंल. मेलाय तो. बोर्डावर नाव आलं तर काय हुनार हाय? चार जन येतील, सेल्फी काढतील, जातील." मग त्याचा आवाज खाली आला. "मला लाज वाटंल, आण्णा. खरं सांगतो. बाकी तुमची मर्जी."

तो न थांबता मोटारसायकलला किक मारून गेला. ताट तसंच राहिलं. आप्पांनी ते झाकून ठेवलं आणि संध्याकाळी तीच भाकरी स्वतः खाल्ली. पोराचं त्यांना काहीच खोटं वाटलं नाही. तेच तर दुखत होतं.

मधल्या दिवसांत त्यांनी एकदा करून बघितलं. भर दुपारी, शेतात चिटपाखरू नसताना, कांद्याच्या वाफ्यात उभं राहून ते म्हणायला गेले, "म्या हाय..." पुढचं 'जी' तोंडातून निघेना. बावीस वर्षं साहेबांना 'येस सर' म्हणताना असं कधी झालं नव्हतं. ते बांधावर जाऊन बसले आणि स्वतःशीच म्हणाले, आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. गोंदनाका, माफ कर बाबा.

मेळ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, पंचशील म्हटलं आणि काही ठरवलं नव्हतं तरी दगडापाशी येऊन उभे राहिले. वर, दगडाजवळ. वाळूत उतरायचा तर प्रश्नच नव्हता. पलीकडच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबली. महेंद्र येणार नाही म्हणाला होता, तरी आला होता. तो खाली उतरला नाही, गाडीवरच हाताची घडी घालून बसला.

अकराच्या सुमाराला ढोल ऐकू आला. मेळा आला. पिवळा भंडारा, घोंगड्या, दोन मोबाइलवाले पुढं पळत फोटो काढतायत, बायकांच्या डोक्यांवर पाण्याच्या बाटल्यांच्या पिशव्या. हर्षदा कागद घेऊन एका अंगाला उभी राहिली. तिनं आप्पांकडं एकदाच बघितलं आणि नजर वळवली. भैरूमामांनी आप्पांना दगडाजवळ बघितलं. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते क्षणभर थांबले, पण वाटाड्याला थांबून चालत नाही. ढोल बंद झाला. मामांनी तोंडाशी हात धरला.

"शिवेवर कोन हाय रंऽऽ?"

हाक नदीवरून गेली. सगळे गप्प. एक श्वास, दुसरा, तिसरा. आप्पांची नजर दगडावरच्या माणसावर होती. काठी उगारलेली, आणि लगेच वरच्या खणात तो मेलेला. किती सोपं होतं ते. कुणी वाचलंच नव्हतं. चौथा श्वास झाला आणि आप्पा बोलले. आवाज त्यांना स्वतःलाही ओळखू आला नाही.

"शिवेवर कुनी न्हाई!"

मामांचा हात तोंडाशीच राहिला.

"राखनदार मेला, मामा. गोंदनाक त्याचं नाव. तुमची मेंढरं नदीपार घातली आन् हितंच पडला. एकटा हुता, संगं कुनी न्हवतं. आमचा हुता त्यो. माझ्या बापाच्या बापाच्या किती मागला, त्ये मला ठावं न्हाई, पर आमचा हुता. तुमी इतकी वर्सं हाका मारताय. मेलेला मानूस ओ देत नस्तो. त्यो गेलाय ह्ये तुमाला कुनी सांगितलंच न्हाई, म्हून आज मी सांगतो."

बोलून झालं. आप्पांनी ओ दिली होती आणि दिलीही नव्हती. येसकर म्हणून नव्हे, मेलेल्याच्या घरचा माणूस म्हणून ते बोलले होते. एक म्हातारी डोक्यावरची पिशवी खाली ठेवून उभी राहिली. हर्षदा भराभर लिहीत होती, लिहिताना तिचे डोळे गळत होते आणि कागद भिजू नये म्हणून ती मान तिरकी करत होती. त्या कागदावर तिनं गोंदनाकाचं नाव लिहिलं, तेच पुढं पाटीवर आलं, ठळक अक्षरांत.

पण त्या घटकेला पाटीचं कुणाच्या मनात नव्हतं. सगळे मामांकडं बघत होते. आता ते काय म्हणणार? मामांनी काठी नातीच्या हातात दिली, पायातल्या वहाणा काढल्या आणि आप्पांच्या अंगावरून सरळ खाली नदीत उतरले. पात्रात गुडघाभर पाणी होतं. मामा त्यात मांडी घालून बसले, पागोट्यासकट, सदऱ्यासकट, आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी घ्यायला लागले.

आप्पांच्या डोक्यात कळ गेली. ही अंघोळ त्यांना माहीत होती. येसकराची सावली पडली की वरची माणसं अशीच नदीत उतरायची, जाईबाईनं सांगितलं होतं. पंपाची देवाणघेवाण, मिरचीची रोपं, दहा वर्षांचा शेजार, सगळं एका ओंजळीत वाहून गेलं असं त्यांना वाटलं. रस्त्यावरून महेंद्र धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बघितलं, आण्णा? बघितलं? न्हायला बसलं म्हातारं! ह्याच्यापायी बोललात तुम्ही?"

"गप ऱ्हा," आप्पा म्हणाले, पण त्यांचाही आवाज फाटला होता.

मामा उठले. धोतर अंगाला चिकटलेलं, भिजलेलं पागोटं एका कानावर उतरलेलं. चढ चढताना धाप लागली तरी त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. ते लांब उभे राहिले नाहीत. थेट आप्पांच्या पुढ्यात आले, इतके जवळ की त्यांच्या कपड्यांतून गळणारं पाणी आप्पांच्या पायांवर पडायला लागलं.

"मामा, ही आंगूळ कशाची?" आप्पांनी विचारलं. विचारताना त्यांनी दात आवळले होते.

भैरूमामांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना प्रश्न कळला. कशासाठी विचारला तेही कळलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"सुतकाची, आप्पा," ते म्हणाले. "घरचं मानूस गेल्यालं कानावर पडलं की हाय तिथं, हाय त्या कापडानिशी न्हावं लागतंय. आमच्या बापजाद्यांनी न्हायाला पायजे हुतं. त्यांचं ऱ्हायलं. तुमी आज सांगितलं, मी आज न्हालो."

मागून चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला. ती पिशवीवाली म्हातारी उतरणीला लागली होती. तिच्यामागं दोघं गेले, मग पाच-सहा, मग ढोलवाला, ढोल काठावर ठेवून. मोबाइलवाल्यांनीही मोबाइल चपलांत ठेवले आणि पाण्यात गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही. एकेक जण पाण्यात बसायचा, डोक्यावरून तीन ओंजळी घ्यायचा आणि ओल्या अंगानं वर यायचा. नदीत फक्त पाण्याचा आवाज होता.

मामा दगडाच्या बुडाशी बसले. दु:खाच्या घरी माणूस बसतो तसे, पाय पोटाशी घेऊन, डोक्याला हात लावून. आप्पा उभेच होते. मामांनी त्यांचा सदरा धरून त्यांना हळूच खाली बसवलं. मग, मयताच्या घरी गेल्यावर पहिल्यांदा जे विचारतात, तेच हलक्या आवाजात विचारलं.

"कवा गेला म्हनायचा, आप्पा?"

"लई दिस झालं, मामा," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. आईच्या वेळी ते रडले होते, भामाबाईच्या वेळीही रडले होते. कधी न पाहिलेल्या, तीन खणांत कोरलेल्या त्या माणसासाठी ते आज पहिल्यांदा मोठ्यानं रडले. महेंद्रानं बूट काढून बाजूला ठेवले आणि तो बापाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. ऊन चढलं. संगमाची वाट अजून बरीच लांब होती आणि "चला" म्हणायचं काम भैरूमामांचं होतं. पण ते त्यांनी कितीतरी वेळ म्हटलं नाही.